नाव ठेवायचंय की नावं ठेवायचीत?

प्रश्न : मी मूळची पुण्याची, सध्या अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममधली एक गार्ड या मोसमात कमाल खेळते आहे. आमच्या स्टुडंट सेक्शनने (म्हणजे एकत्र बसून ओरडणाऱ्या आम्हा विद्यार्थी-प्रेक्षकांनी) तिला टोपणनाव द्यायचं ठरवलंय. मतदानासाठी तीन नावं काढलीत : ‘प्रेअरी क्वीन’ (प्रेअरी म्हणजे इकडची गवताळ मैदानं), ‘टॉर्नेडो’ आणि ‘डबल थ्री’ (तिचा नंबर ३३ आहे). जानेवारीत मतदान आणि लगेच टी-शर्ट छापायचे. तुम्ही इतकी वर्षं स्कोअरर टेबलवर बसता. यातलं कुठलं चालेल आणि निवडायचं कसं? (ता. क. बँडमधली मुलं तिला उगाचच ‘नॅप’ म्हणतात, कारण फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट, टाकायच्या आधी ती क्षणभर डोळे मिटते. पण ते नाव मतदानात नाही.)

उत्तर : तीनपैकी एकही चालणार नाही, असं माझं मत आहे. का ते सांगतो. उत्तर लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

आधी मी कुठून बोलतोय ते. मी सांगलीचा. १९९६ साली एमएससाठी इकडे आलो आणि दुसऱ्याच हिवाळ्यात, मॅच फुकट बघायला मिळते म्हणून, विद्यापीठाच्या आकडेवारी टिपणाऱ्या चमूत शिरलो. ते अजून सुटलेलं नाही. दिवसा नोकरी, संध्याकाळी टेबल. टेबलवर आम्ही जोडीने बसतो. एक जण मैदानावरची नजर न हलवता बोलत राहतो, दुसरा मान खाली घालून ते कॉम्प्युटरमध्ये टाइप करत राहतो. मी बोलणारा. ‘ट्वेल्व्ह, थ्री, मिस. रिबाउंड फोर. फोर, लेअप, गुड. असिस्ट ट्वेंटी.’ दोन तास हीच जपमाळ. (रिबाउंड म्हणजे हुकलेला बॉल पकडणं, असिस्ट म्हणजे ज्यावर गुण होतो तो पास.) नावं घ्यायची नाहीत, फक्त नंबर. नाव ऐकून नंबर आठवेपर्यंत बॉल दुसऱ्या टोकाला पोचलेला असतो.

या कामातून मला टोपणनावाची एक कसोटी सापडली. इतक्या वर्षांत चार-पाच वेळाच झालं असेल, की ऐन धांदलीत माझ्या तोंडून नंबराऐवजी खेळाडूचं टोपणनाव निघून गेलं. शेजारी टाइप करणारी बाई हात थांबवून डोळे वटारते, मी सॉरी म्हणून नंबर सांगतो. पण मनात नोंद होते : हे नाव रुजलं. ज्या नावांसाठी मतदान झालं, बॅनर लागले, त्यातलं एकही आजवर असं निसटलेलं नाही.

एकदा तर आमच्या पोरांनी मतदानाने एक भारदस्त नाव निवडून पाचशे टॉवेल छापले. त्यात ‘थंडर’ होतं आणि पुढे त्या मुलाचं आडनाव. वाटपाच्या रात्री बाहेर बर्फ वितळत होता. पोरांनी त्या टॉवेलने बुटांचा चिखल पुसला, आणि मैदानाकडे बघून ओरडली ती त्याचं साधं पहिलं नाव. त्यातला एक टॉवेल माझ्या गाडीत आहे. काच पुसायला फार छान.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे खोड काढणं. फरक एका अनुस्वाराचा. इथल्या कॉलेज बास्केटबॉलमधल्या टोपणनावांचा इतिहास त्या अनुस्वाराभोवतीच फिरतो, आणि तो टिंब द्यायचा की नाही हे ज्याला नाव चिकटतं तोच सांगू शकतो.

गाजलेली नावं कशी पडली ते बघ. अर्विन जॉन्सन पंधरा वर्षांचा होता, मिशिगन राज्यातल्या लान्सिंग गावी एव्हरेट हायस्कूलकडून खेळत होता. एका मॅचमध्ये त्याने ३६ गुण, १८ रिबाउंड आणि १६ असिस्ट केले. फ्रेड स्टेबली नावाचा स्थानिक वार्ताहर मॅचनंतर त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, तुला काहीतरी नाव हवं. ‘डॉक्टर जे’ ज्युलियस अर्व्हिंगने घेतलेलं, ‘बिग ई’ एल्विन हेजने घेतलेलं. मग ‘मॅजिक’ म्हणू का? मुलगा हो म्हणाला. घरी आई मात्र नाराज. ती सश्रद्ध ख्रिस्ती, जादू हा शब्द तिला देवाच्या अपमानासारखा वाटला. तरी नाव टिकलं. १९७९ साली सॉल्ट लेक सिटीतल्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच्या मिशिगन स्टेट विद्यापीठाने इंडियाना स्टेटला ७५–६४ हरवलं तोवर अर्विन हे नाव घरच्यांपुरतंच उरलं होतं.

या गोष्टीत दोन गोष्टी माझ्या कामाच्या आहेत. एक, वार्ताहर आधी मॅच बघून आला होता. नाव आधी तयार करून मग त्याला शोभेल असा खेळाडू शोधत बसला नव्हता. दुसरी, त्याने विचारलं. ‘म्हणू का?’ एवढंच. पण विचारलं.

किंवा ब्रायंट रीव्ह्जचं घे. ओक्लाहोमातल्या गॅन्स नावाच्या टीचभर गावातला सात फुटी मुलगा. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात आला आणि टीमबरोबर पहिल्यांदा विमानाने देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे गेला. खाली बघून तो थक्क झाला, की आपला देश एवढा मोठा आहे! टीममधला बायरन ह्यूस्टन हसला आणि ‘बिग कंट्री’ नाव पडलं. १९९५ साली ही टीम फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत, पोचली तेव्हा सगळी अमेरिका त्याला तेच म्हणत होती. आता बघ, बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं की आडदांड आहे, खेड्यातला आहे, म्हणून बिग कंट्री. ते बरोबरच बसतं. पण आतल्यांना ती विमानाची खिडकी माहीत आहे. असं दुहेरी अस्तराचं नाव फार टिकतं.

नॉर्थ कॅरोलायनाच्या टायलर हॅन्सब्रोला ‘सायको टी’ हे नाव व्यायामशाळेत पडलं. तो वजनं उचलताना ज्या आवेशात यायचा ते बघून टीमच्या व्यायाम-प्रशिक्षकाने ते दिलं. पीट मॅराव्हिच शाळेत असताना कमरेजवळून बॉल फेकायचा, पिस्तूल उपसल्यासारखा. म्हणून ‘पिस्टल पीट’. कार्ल मलोन लुईझियाना टेकला असतानाच ‘मेलमन’, म्हणजे पोस्टमन, झाला, कारण माल वेळेवर पोचवायचा. या सगळ्यांत कुणीतरी काहीतरी नेमकं पाहिलं होतं. हात, खिडकी, वजनं. ‘टॉर्नेडो’मध्ये काय पाहिलंय? ती जोरात खेळते एवढंच ना?

सांगलीच्या शाळेत आमच्या वर्गात एकाला ‘इंजेक्शन’ म्हणत. लसीकरणाच्या दिवशी तो मागच्या दारातून पळाला होता. त्याच्या नावावर कुणी मतदान घेतलं नव्हतं. तो आज साठीकडे झुकलाय, तरी फोनवर तोच शब्द निघतो.

आता आवाजाकडे येतो, कारण स्टुडंट सेक्शनला लिहायचं नसतं, ओरडायचं असतं. भरलेल्या हॉलमध्ये व्यंजनं मरतात, स्वर उरतात. मी टेबलवरून ऐकतो तेव्हा शब्द कळत नाहीत, फक्त ‘आ’, ‘ऊ’, ‘ई’ असा गोंगाट कळतो. एक किंवा दोन अक्षरी ठोके असलेलं नाव उत्तम. ‘बिग ओ’ म्हणून बघ. सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसनचं नाव. ‘ओ’ कितीही लांबवता येतो. ‘मॅजिक’ दोन ठोके. ‘पिस्टल पीट’ तीन, पण दोनदा ‘प’ आपटतो, त्यामुळे टाळीबरोबर बसतो. चार ठोक्यांच्या वर गेलात की अर्धा सेक्शन पुढे जातो, अर्धा मागे राहतो. आणि ‘ऊ’ असलेलं नाव घेताना जपून. लांबवलं की ते ‘बू’ होतं, आणि पाहुण्या वार्ताहराला वाटतं घरचेच लोक हुर्यो उडवतायत. टीव्हीवर समालोचकांना हे समजावून सांगावं लागल्याचं मी ऐकलेलं आहे.

यमकाचं नाव पटकन पसरतं. विस्कॉन्सिनचा फ्रँक कामिन्स्की, ‘फ्रँक द टँक’. २०१५ साली एकही सामना न हरलेल्या केंटकीला त्यांनी फायनल फोरमध्ये ७१–६४ हरवलं, तेव्हा ‘टँक’ शोभत होतं. पण यमक दुधारी असतं. लुईव्हिलचा पर्व्हिस एलिसन पहिल्याच वर्षी, १९८६ साली, ड्यूकविरुद्धच्या अंतिम सामन्यात २५ गुण करून स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. दडपणाखाली शांत, म्हणून ‘नेव्हर नर्व्हस पर्व्हिस’. तीन वर्षांनी तो एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर सॅक्रमेंटोला गेला, दुखापतींनी बाकावर बसला, आणि संघातल्याच डॅनी एंजने त्याच यमकावर ‘आउट ऑफ सर्व्हिस पर्व्हिस’ करून टाकलं. बंद पडलेल्या लिफ्टवर पाटी असते ना, तसं. पहिलं नाव इतकं गोड नसतं तर दुसरं सुचलं नसतं. म्हणून मी पोरांना नेहमी सांगतो, नाव ठरवायच्या आधी एक संध्याकाळ विरुद्ध टीमचे प्रेक्षक होऊन बसा आणि त्या नावाची जास्तीत जास्त वाईट टिंगल करून बघा. तुम्हाला दहा मिनिटांत सुचेल ते त्यांना दोन मिनिटांत सुचतं.

शरीरावरून नाव, हा तर सरळ अनुस्वार. विल्ट चेंबरलेन सात फूट एक इंच. वर्तमानपत्रांनी त्याला ‘विल्ट द स्टिल्ट’ केलं, म्हणजे बांबूच्या पायांवर चालणारा. यमक झकास, आणि त्याला त्या नावाचा मनस्वी तिटकारा. त्याला आवडायचं ते मित्रांनी दिलेलं ‘बिग डिपर’. दारातून जाताना तो मान लववायचा, म्हणून ‘डिपर’, आणि शिवाय ते सप्तर्षींचं इंग्रजी नाव. तोच माणूस, तीच उंची. एका नावात तो जत्रेतला खेळ होतो, दुसऱ्यात आभाळात जातो. कॅन्ससकडून खेळतानाही ‘स्टिल्ट’ने त्याची पाठ सोडली नाही, कारण छापणाऱ्यांना ते सोयीचं होतं.

चार्ल्स बार्कलीची गोष्ट उलटी. ऑबर्न विद्यापीठात असताना तो जाडजूड होता, आणि तरी तिन्ही वर्षं आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या गटात, रिबाउंडमध्ये पहिला. ‘राउंड माउंड ऑफ रिबाउंड’ हे नाव पडलं. रिबाउंड घेणारा गोल ढिगारा. पण बार्कलीने ते अंगाला लावून घेतलं नाही, खांद्यावर घेतलं. लॅरी बर्डला ‘द हिक फ्रॉम फ्रेंच लिक’ म्हणत. हिक म्हणजे गावंढळ, फ्रेंच लिक हे इंडियानातलं त्याचं गाव. तोही ते मिरवायचा. पण बार्कलीने पचवलं म्हणून तुमच्या टीममधल्या मुलीने पचवावं, हा हिशेब चुकीचा. पचवलेल्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोचतात.

माझ्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक फॉरवर्ड होता. गुण फार नाहीत, पण सुटलेल्या बॉलवर झेप घ्यायचा. पोटावर आपटायचा, घसरत जायचा, आणि उठला की लाकडावर घामाचा लांब ओला पट्टा उरायचा. मग बास्केटखाली बसलेला पोरगा मॉप घेऊन धावत यायचा. रेफरी खेळ थांबवून उभा, सगळा हॉल वाट बघतोय. विद्यार्थी त्या पोराला उद्देशून ‘मॉप! मॉप! मॉप!’ ओरडायला लागले. दोन-तीन मॅचमध्ये ती आरोळी पुसणाऱ्यावरून सांडणाऱ्यावर सरकली. त्याने झेप घेतली की पट्टा दिसायच्या आतच ‘मॉप!’ एक ठोका, मोकळा स्वर, नेमकं पाहिलेलं. माझ्या तोंडूनही एकदा निसटलं. तेव्हा मी मॅचच्या आधी पत्रकारांना देतात ती टिपणंही लिहीत असे. मला वाटलं, सोनं सापडलं. मजकुरात घातलं आणि छापायच्या आधी रीत म्हणून त्याला दाखवलं.

त्याने कागद बघितला. काही बोलला नाही. मग म्हणाला, माझी आई शाळेत फरशा पुसते. लोक मला म्हणतात त्याचं काही नाही, पण ती मॅचला येते.

मी ती ओळ काढली. स्टुडंट सेक्शनच्या म्होरक्याला बाजूला घेऊन सांगितलं, कारण न सांगता, फक्त ‘त्याला नकोय’ एवढंच. पुढच्या मॅचला तो मुलगा स्वतः ओळीओळीतून फिरला. दोन मॅच थोडं थोडं ऐकू येत राहिलं, मग थांबलं. चार वर्षं तो कुठल्याही टोपणनावाशिवाय खेळला. शेवटच्या घरच्या मॅचला आई आली होती, आणि हॉलने त्याचं पहिलं नाव घेतलं. मला अजूनही वाटतं की ‘मॉप’ हे मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं नाव होतं. आणि ते गेलं हेही बरोबरच झालं.

टी-शर्टांबद्दल आता जरा कोरडं बोलतो. १ जुलै २०२१ पासून इथल्या कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात. त्याआधी सगळी कमाई विद्यापीठांची, पोरांच्या हाती शिष्यवृत्ती. त्यामुळे टोपणनाव आता चेष्टेचा नाही, मालकीचा विषय झालाय. कनेटिकटच्या पेज ब्यूकर्सने त्याच महिन्यात ‘पेज बकेट्स’ या नावाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज केला. केंटकीच्या अँथनी डेव्हिसने तर त्याच्याही आधी, २०१२ मध्ये कॉलेज सोडून एनबीएत जाताना, आपल्या जोडलेल्या भुवयांवरून चाहत्यांनी केलेली ‘फिअर द ब्राऊ’ ही घोषणा नोंदवायला घेतली होती. आणि जेरेमी लिन एनबीएत न्यूयॉर्ककडून चमकला तेव्हा ‘लिनसॅनिटी’ या शब्दासाठी त्याच्या आधी भलत्याच माणसाने अर्ज ठोकला होता. इथल्या कायद्यात जिवंत माणसाची ओळख पटवणारं नाव त्याच्या लेखी संमतीशिवाय नोंदवता येत नाही, आणि त्यात टोपणनावही येतं. तुमचे शर्ट वर्गणी काढून वाटायचे असतील तरी आधी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात विचार. विकायचे असतील तर तिच्याशी करार केल्याशिवाय एकही छापू नकोस. तिचं नाव तिची रोजी असू शकते.

गावाशी बांधलेलं नाव का नको, तेही इथेच आलं. पूर्वी खेळाडू एका कॉलेजात चार वर्षं काढायचा. आता तो दरवर्षी बदलू शकतो. एंजल रीस मेरीलँडहून २०२२ मध्ये लुईझियाना स्टेटला आली आणि ‘बायू बार्बी’ झाली. बायू म्हणजे तिथल्या दलदलीतले संथ ओढे. २०२३ च्या अंतिम सामन्यात त्यांनी आयोवाला १०२–८५ हरवलं तेव्हा ते नाव देशभर झालं. मग ती शिकागोला खेळायला गेली. तिथे कुठले ओढे? मग ‘शाय बार्बी’ (शाय म्हणजे शिकागो) अशी डागडुजी करावी लागली. तिथे ‘बार्बी’ उरली म्हणून निभावलं. तुमच्या ‘प्रेअरी क्वीन’मधून प्रेअरी काढलीस तर नुसती क्वीन उरते, आणि क्वीन प्रत्येक कॉलेजात एक असतेच.

‘प्रेअरी क्वीन’चा आणखी एक घोळ तुझ्या लक्षात आला नसेल, कारण तू इकडे नवी आहेस. तो शब्द हॉलमध्ये ओरडून बघ. ‘डेअरी क्वीन’ ऐकू येतं. आइस्क्रीमचं दुकान, मिडवेस्टच्या गावागावांत. पहिल्याच बाहेरच्या मॅचला समोरची पोरं कागदी टोप्या घालून कोन हलवत बसतील. मी हे गंमत म्हणून सांगत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं.

‘टॉर्नेडो’ नको, कारण दरवर्षी वसंतात या भागात खरी वावटळ येते आणि माणसं मारते. मार्चमध्ये स्पर्धा ऐन रंगात असते आणि त्याच दिवसांत भोंगे वाजायला लागतात. शेजारच्या काउंटीत घरं उडाली त्या आठवड्यात तुम्हाला ते बॅनर गुंडाळून ठेवावे लागतील. शिवाय आयोवा स्टेटच्या टीमचं नावच ‘सायक्लोन्स’. त्यांच्याशी गाठ पडली तर वादळात वादळ.

‘डबल थ्री’बद्दल थोडं रेंगाळतो, कारण नंबर हा माझा प्रांत. तुला वाटतंय ३३ म्हणजे ती. अगं, १९७९ च्या त्या अंतिम सामन्यात मॅजिकचा नंबर ३३ होता आणि समोरच्या बर्डचाही ३३. त्याआधी यूसीएलए विद्यापीठाकडून करीम अब्दुल-जब्बार, तेव्हाचा ल्यू अल्सिंडॉर, ३३. नंतर जॉर्जटाउनचा पॅट्रिक यूइंग ३३. कॉलेजच्या मुलांच्या सामन्यांत वर्षानुवर्षं शून्य ते पाच एवढेच आकडे चालत. रेफरी फाउल देताना नंबर बोटांनी दाखवतो आणि एका हाताला बोटं पाच. त्यामुळे सगळे चांगले खेळाडू त्याच मोजक्या नंबरांत कोंबलेले. मुलांच्या सामन्यांत ० ते ९९ ची मुभा २०२३–२४ पासून मिळाली. ३३ हा नंबर म्हणजे आपल्याकडचं ‘पाटील’. हाक मारली की चार जण वळून बघतात.

उसनं नाव घ्यायचा मोहही होईल. आयोवाची केटलिन क्लार्क ३ मार्च २०२४ ला मॅराव्हिचच्या ३,६६७ गुणांच्या कॉलेज विक्रमापुढे गेली तेव्हा काहींनी तिला ‘पोनीटेल पीट’ म्हणून बघितलं. सुचलेलं छान, पण तिने ३,९५१ गुणांवर कॉलेज संपवलं आणि तिच्यासाठी तिचं नावच पुरलं. जिने विक्रम मोडला तिने ज्याचा मोडला त्याचं नाव का वागवावं? उसनं नाव चालतं ते लहानपणी, गल्लीत पडलेलं असेल तर. विन्स्टन-सेलम स्टेटच्या अर्ल मन्रोच्या गुणांच्या यादीला एका स्थानिक वार्ताहराने ‘अर्ल्स पर्ल्स’ म्हटलं. १९६६–६७ च्या मोसमात तो मॅचमागे ४१.५ गुण करत होता. त्यातून ‘अर्ल द पर्ल’ झाला. पुढे ब्रुकलिनच्या मैदानावर ड्वेन वॉशिंग्टन नावाच्या पोराला त्याच्यासारखा खेळतो म्हणून ‘पर्ल’ म्हणायला लागले, आणि सिराक्यूजला येईपर्यंत तो मोती त्याचा स्वतःचा झाला होता. आपल्याकडे वेंगसरकर ‘कर्नल’ झाला तो सी. के. नायडूंच्या फटक्यांची आठवण झाली म्हणून. नायडू होळकरांच्या सैन्यात खरोखरचे कर्नल. वेंगसरकरला ती पदवी फटक्यावर मिळाली.

आणि कधी कधी टोपणनाव लागतच नाही. ब्रिगम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटचं ‘जिमर’ हे आईने दिलेलं घरगुती नाव. २०१०–११ मध्ये त्याने मॅचमागे २८.९ गुण काढले, देशात सर्वाधिक. लोकांनी नाव बदललं नाही, त्याचं क्रियापद केलं. ज्या टीमला त्याने धुतलं ती ‘जिमर्ड’ झाली. पुढे तो शांघायला खेळायला गेला तर चिनी चाहत्यांना ‘जिमर’मध्ये त्यांचा ‘एकाकी’ या अर्थाचा ‘जिमो’ ऐकू आला, आणि तो ‘एकाकी देव’ झाला. अमेरिकेत कुणालाही हे सुचलं नसतं.

आता तुझ्या ता. क. कडे. तू कंसात टाकलंस तेच मला सगळ्यात आवडलं.

‘नॅप’. कुणीतरी नेमकं पाहिलंय. ती डोळे मिटते. एक ठोका, उघडा स्वर, शेवटी ‘प’ म्हणजे ओठ बंद, टाळीसारखं. शिवाय ते फ्री थ्रोशी बांधलेलं आहे, आणि फ्री थ्रो हा मॅचमधला एकच क्षण जिथे घरचा हॉल आपणहून गप्प बसतो. त्या शांततेत बॉल जाळीतून गेला की तीन हजार लोकांनी एकदम एकच अक्षर टाकायचं. याहून सोपी आणि याहून मोठी आरोळी नाही. एनबीएतला स्टेफ करी दोन हात गालाखाली घेऊन ‘नाइट नाइट’ करतो, त्याची नक्कल वाटेल असं कुणी म्हणेल. वाटू दे. तिचं वेगळं आहे, ती स्वतः डोळे मिटते.

पण थांब. एक गोष्ट तुला पुण्याहून आल्यामुळे माहीत असायचं कारण नाही, आणि मलाही इथे दहा वर्षं काढल्यावर कळली. त्या शब्दाला शेवटी ‘ई’ लागला की तो काळ्या लोकांच्या केसांबद्दलचा जुना हिणवणारा शब्द होतो. २००७ मध्ये रटगर्सच्या मुली अंतिम सामना खेळून आल्या आणि दुसऱ्या दिवशी डॉन आयमस नावाच्या बड्या रेडिओ निवेदकाने त्यांच्याबद्दल तोच शब्द वापरून घाणेरडी शेरेबाजी केली. त्याची ती नोकरी गेली. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली ते विसरलेल्या नाहीत, त्यांच्या आया तर नाहीतच. तुझी खेळाडू कोण, कुठली, तू लिहिलेलं नाहीस, आणि मला ते विचारायचंही नाही. बँडमधल्या पोरांच्या मनात काही नव्हतं, हेही मान्य. पण समोरच्या टीमच्या तीनशे पोरांपैकी एकाच्या मनात असलं तरी पुरे, त्याला फक्त एक ‘ई’ जोडायचा आहे.

म्हणून मतदान रद्द कर आणि ‘नॅप’ चालेल का, ते तिला विचार. घोळक्याने नको, फोन रोखून नको, सरावानंतर शंभर जणांसमोर तर नकोच. अशा वेळी कुणीही हसून ‘चालेल’ म्हणतं. क्रीडा विभागात टीमच्या प्रसिद्धीचं काम बघणारी व्यक्ती असते, तिच्यामार्फत निरोप दे. सोबत दुसरं नाव देऊ नकोस, नाहीतर तिला वाटेल दोनातलं एक घ्यावंच लागणार. उत्तराला आठवडा दे. आठवडाभर उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समज आणि पुन्हा विचारू नकोस. ‘नाही’ आलं तर बँडलाही सांग, आणि कारण विचारत बसू नका. तिच्या फ्री थ्रोला सगळ्यांनी तिच्याबरोबर डोळे मिटले तरी चालेल. त्याला शब्द लागत नाही.

‘हो’ आलं तर शर्ट लगेच छापू नका. दोन-तीन मॅच नुसतं म्हणून बघा. फेब्रुवारीत तुमची टीम आमच्याकडे येते आहे, मी टेबलवर असेनच. ती लाइनवर जाईल, मी बोलेन : ‘थर्टी-थ्री, फ्री थ्रो, गुड.’ दुसऱ्या हाफमध्ये शेजारच्या बाईने डोळे वटारले तर तुला कळवतो.